आठवड्याचा बेत आणि महिन्याचा किराणा

आठवडाभराचे जेवण आधी ठरवून ठेवले की किराणा-भाजीचा खर्च कमी होतो, हे आता जवळजवळ गृहीत धरले जाते. आहारतज्ज्ञ तसे सांगतात, बचतीचे सल्ले देणारे सांगतात, अन्नाची नासाडी थांबवू पाहणाऱ्या संस्थाही सांगतात. प्रत्येकाच्या डोळ्यांसमोरची बचत मात्र वेगळी असते. एकाला केराच्या डब्यात जाणारे अन्न दिसत असते, दुसऱ्याला दुकानात उगाच उचललेल्या वस्तू, तिसऱ्याला रात्री साडेनऊला मागवलेली बिर्याणी. या तिन्हींवर एकच उपाय चालतो का, आणि चाललाच तर रुपयांत किती, यावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बरेच काम झाले आहे. त्यातले बहुतेक युरोप-अमेरिकेतले आहे, त्यामुळे आपल्या स्वयंपाकघराशी ते पडताळूनच घ्यावे लागते.

साठ्याचे नियोजन, जेवणाचे नव्हे

महाराष्ट्रात नियोजन नवे नाही. पण ते रोजच्या पानात काय वाढायचे याचे नव्हते, साठ्याचे होते. रब्बीचा गहू बाजारात आला की एप्रिल-मे महिन्यांत वर्षाचे पोते भरायचे, नवी तूर आली की डाळ करून ठेवायची, मे महिन्यात मिरच्या वाळवून तिखट-मसाला कांडून घ्यायचा, कुरडया-पापड-सांडगे घालायचे. गोव्यात आणि तळकोकणात पावसाआधीची बेगमी आणखी नेटकी असे: सुके मासे, कांद्याच्या माळा, चिंच, आमसुले, उकडा तांदूळ, मीठ. गोव्यात यालाच पुरुमेंत म्हणतात आणि त्यासाठी मे महिन्याच्या अखेरीस पणजी-मडगावला फेस्तातला बाजारही भरतो. यामागचे गणित उघड होते. पीक हाती आले की भाव खाली असतो; पावसात मासेमारी थांबते, वाटा बंद होतात आणि असेल ते महाग मिळते.

आज काय करायचे हे मात्र रोज सकाळी ठरे. घरात काय आहे, मंडईत काय स्वस्त आहे आणि आज वार कोणता, या तीन गोष्टींवर. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, चातुर्मासात वर्ज्य असलेले कांदा-लसूण-वांगे, रविवारचे मटण हा न लिहिलेला आठवड्याचा बेतच होता. त्याने पैसे वाचत होते असे मात्र म्हणता येत नाही. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही. शिवाय सगळ्यांचे पंचांग एकच असले की सगळे एकाच दिवशी एकच वस्तू घ्यायला निघतात. पितृपक्षात गवार-भेंडी-कारल्याचे भाव चढतात आणि आषाढीच्या आसपास साबुदाणा-भगरीची मागणी वाढते, ती यामुळेच. ठरवून घेतलेली वस्तू स्वस्त पडते, या सल्ल्याला आपल्याच बाजारातला हा अपवाद आहे.

शहरी पगारदाराच्या घरात याच्या जोडीला महिन्याची यादी आली: एक तारखेला वाण्याकडे द्यायची, सामान घरी यायचे, हिशेब वहीत राहायचा. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने या यादीला सामूहिक रूप दिले. शेजारपाजारच्या कुटुंबांनी गट करायचा, महिन्याची मागणी आधी नोंदवायची, एकत्र खरेदी झालेला माल गटाने वाटून घ्यायचा. आधी ठरवल्यामुळे पैसे कसे वाचतात, याचे मला तरी आपल्याकडचे हे सर्वांत स्वच्छ उदाहरण वाटते. इथे बचत स्वयंपाकातल्या हुशारीतून येत नव्हती. मागणी आधी माहीत असल्याने घाऊक भाव आणि शुद्ध माल मिळत होता.

त्यानंतरच्या दोन बदलांनी चित्र दोन दिशांना ओढले. २००२ मध्ये पवईत डी-मार्टचे पहिले दुकान निघाले, त्या धाटणीच्या दुकानांनी मोठ्या, एकगठ्ठा खरेदीला सवलत दिली. २०२० नंतर दहा-पंधरा मिनिटांत घरपोच सामान देणाऱ्या कंपन्या आल्या आणि न ठरवण्याची शिक्षाच जवळजवळ संपली. कोथिंबीर विसरली तर मोबाइल आहे. नियोजनाचा प्रश्न आज नव्याने विचारला जातो तो या दोन ओढींच्या मधे उभे राहून.

वाचवायला आहे किती?

बचतीची चर्चा करताना मुळात रक्कम किती, हे क्वचितच मांडले जाते. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार देशातल्या शहरी भागात माणशी मासिक खर्च सरासरी ६,९९६ रुपये होता आणि त्यातला ३९.६८ टक्के अन्नावर जात होता. ग्रामीण भागात हे आकडे ४,१२२ रुपये आणि ४७.०४ टक्के आहेत. १९९९-२००० मध्ये अन्नाचा वाटा ग्रामीण भागात ५९ टक्क्यांच्या पुढे आणि शहरांत ४८ टक्के होता. उत्पन्न वाढते तसा अन्नाचा वाटा घटतो, हे अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्येच मांडले होते.

अन्नखर्चाच्या आत डोकावले तर गोष्ट रंजक होते. शहरी खर्चात भाज्यांचा वाटा ४.१२ टक्के, तर पेये, नाश्त्याचे पदार्थ आणि तयार-प्रक्रिया केलेले अन्न यांचा ११.०९ टक्के आहे. तृणधान्ये चार टक्क्यांच्याही आत आहेत. चौघांचे सरासरी शहरी कुटुंब धरले तर महिन्याला भाजीवर सुमारे १,१५० रुपये आणि तयार खाण्यापिण्यावर सुमारे ३,१०० रुपये जातात. आता समजा, काटेकोर बेत आखून भाजीची एक दशांश नासाडी पूर्ण थांबवली, तर हाती लागतात ११५ रुपये. त्याच बेतामुळे बाहेरचे खाणे चौथ्या हिश्शाने घटले, तर पावणेआठशे. हा नुसता सरासरीवरचा गुणाकार आहे, कोणत्याही एका घराचा हिशेब नव्हे. पण पैसे कोणत्या डब्यात आहेत ते त्यातून कळते, आणि बहुतेक संशोधनाने तपासलेला डबा नेमका दुसराच निघतो.

नासाडीचा पुरावा

सर्वांत जास्त अभ्यास झाला आहे तो वाया जाणाऱ्या अन्नाचा. ब्रिटनमध्ये रॅप या संस्थेने २००७ मध्ये ‘लव्ह फूड हेट वेस्ट’ ही मोहीम सुरू केली. बेत आखा, यादी करा, उरलेले वापरा हा तिचा गाभा होता आणि पुढे अनेक देशांनी तो उचलला. २०१३ मध्ये रुमानियातल्या ग्राहकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नासाडी टाळण्याच्या नुसत्या इच्छेचा प्रत्यक्ष नासाडीशी फारसा संबंध त्यात दिसला नाही. नियोजनाच्या आणि खरेदीच्या सवयींचा मात्र दिसला. पुढच्या काही सर्वेक्षणांतही असाच सूर आला. नियोजनवाद्यांची ही सर्वांत भक्कम बाजू आहे.

तिच्यावरचे आक्षेपही हलके नाहीत. या अभ्यासांत बहुतेक वेळा किती वाया गेले ते लोकांनी स्वतःच सांगितलेले असते, आणि आपण किती टाकतो हे कुणी मोकळेपणाने सांगत नाही. दुसरे म्हणजे, जी माणसे बेत आखतात ती एरवीही व्यवस्थित असतात. गुण बेताचा की स्वभावाचा, हे अशा पाहणीतून सुटे करता येत नाही. फ्रान्समधल्या न्यूट्रिनेट-सांते या मोठ्या पाहणीच्या ४०,५५४ सहभागींवर २०१७ मध्ये निघालेला निबंध याचे चांगले उदाहरण आहे. त्यातले ५७ टक्के लोक निदान अधूनमधून जेवण आधी ठरवत होते, आणि त्यांच्या आहारात वैविध्य जास्त होते. पण ही एका वेळची पाहणी होती, कार्यकारणाचा दावा लेखकांनी केला नाही, आणि तिचा विषय पोषण होता, किराण्याचे बिल नव्हे. तरीही खर्चाच्या चर्चेत ती सर्रास पुढे केली जाते.

प्रत्यक्ष काही बदल घडवून मोजमाप केलेले प्रयोग फार थोडे आहेत. २०१९ मध्ये या क्षेत्राचा आढावा घेणाऱ्या संशोधकांना नासाडी घटल्याचा दावा करणारे जेमतेम १७ उपक्रम सापडले. त्यांत ताटांचा आकार बदलण्यासारख्या साध्या उपायांचे आकडे ठळक होते. स्वयंपाकाचे वर्ग, फ्रिजमधले कॅमेरे, अन्न वाटून घेण्याची अ‍ॅप्स यांच्या बाजूने भक्कम पुरावा नव्हता.

भारताबद्दल बोलताना आणखी एक सावधगिरी हवी. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतीय घरांतली नासाडी माणशी वर्षाला ५५ किलो धरली आहे. जगाची सरासरी ७९ किलो आहे. हा आकडा वर्तमानपत्रांतून ‘आपण एवढे अन्न फेकतो’ अशा मथळ्याने येतो. पण त्यात खाण्याजोगे आणि न खाण्याजोगे दोन्ही मोजलेले असते: केळीची साल, आंब्याची कोय, मटारची टरफले, माशाचे काटे. ताजी भाजी आणून घरी निवडणाऱ्या समाजात हा भाग मोठा असणारच. दिवसाला माणशी दीडशे ग्रॅम भरतात ते असे. त्यातले किती ग्रॅम बेत आखून वाचले असते, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. शिवाय फोडणीची पोळी, फोडणीचा भात, उरलेल्या वरणाची थालीपिठे ही आपल्या घरांतली शिळ्याची सोय बेताशिवायच चालत आली आहे. डेव्हिड इव्हान्स या समाजशास्त्रज्ञाने मँचेस्टरमधल्या घरांत वावरून जे पाहिले त्याचा रोखही इकडेच जातो: अन्न वाया जाते ते बेफिकिरीने नव्हे, तर कुटुंबाला ‘नीट’ खाऊ घालण्याच्या धडपडीत. आपल्याकडे तर पाहुणा अचानक येऊ शकतो म्हणून दोन पोळ्या जास्तच लाटल्या जातात. त्या दोन पोळ्यांना नियोजनाचा अभाव म्हणावे, की हेच नियोजन?

यादी हातात, तरी पिशवी जड

दुकानातल्या वर्तनावर विक्रीशास्त्राने बरेच लिहिले आहे, अर्थात ग्राहकाने जास्त घ्यावे या हेतूने. तरी त्यातून दोन गोष्टी आपल्या उपयोगाच्या निघतात. २०१० मधल्या एका अमेरिकी अभ्यासात असे दिसले की किराणा घ्यायला निघालेला माणूस मनातल्या मनात जे बजेट धरतो, त्यात न ठरवलेल्या वस्तूंसाठी आधीच थोडी जागा सोडलेली असते. म्हणजे यादीबाहेरची प्रत्येक वस्तू मोहाची नसते. काहींची जबाबदारी ‘दुकानात गेल्यावर आठवेल’ या भरवशावर सोडलेली असते. दुसरी, २०११ मध्ये आलेली गोष्ट अशी की खरेदीचा हेतू जितका मोघम, तितक्या न ठरवलेल्या वस्तू जास्त. ‘आमटीसाठी चिंच-गूळ आणायचा’ म्हणून गेलेला माणूस तेवढेच घेऊन परततो. ‘घरचे सामान भरायचे’ म्हणून गेलेला पिशव्या भरून येतो.

महिन्यातून एकदाच मोठी खरेदी करा, फेऱ्या टाळा, मोह टळेल हा जो नेहमीचा सल्ला आहे, त्याला हे निष्कर्ष अर्धवटच साथ देतात. फेऱ्या कमी झाल्या तरी ती एक फेरी मोघम असेल तर कसर तिथे निघते. घरपोच अ‍ॅपवर याचे वेगळे रूप दिसते. मागणी अगदी नेमकी असते, एक ब्रेड, अर्धा लिटर दूध. पण डिलिव्हरीचा आकार माफ व्हावा म्हणून टोपलीत आणखी काहीतरी टाकले जाते.

वारंवार जाणाऱ्याची बाजू

नियोजनाच्या विरुद्ध सर्वांत गंभीर युक्तिवाद अर्थशास्त्रज्ञांकडून आला आहे. मार्क अग्वियार आणि एरिक हर्स्ट यांनी २००७ मध्ये अमेरिकी घरांच्या खरेदीच्या नोंदी तपासून दाखवले की खरेदीच्या फेऱ्या दुप्पट केल्या तर त्याच वस्तूला मोजावी लागणारी किंमत ७ ते १० टक्क्यांनी उतरते. कारण वारंवार जाणाऱ्याला सवलत सापडते, भाव पडलेला दिसतो. त्याआधी २००५ मध्ये त्यांनी दाखवले होते की निवृत्तीनंतर अन्नावरचा खर्च घटतो, खाणे मात्र घटत नाही; घरात असलेला वेळ ती कसर भरून काढतो. संध्याकाळी मंडई उठायच्या वेळेला जाऊन दोन जुड्या एकीच्या भावात आणणाऱ्या आजोबांना हे शास्त्र आधीपासून ठाऊक आहे.

भावांची चढउतार जिथे मोठी, तिथे हा मुद्दा अधिक वजनदार होतो. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोने काही शहरांत किलोला २०० रुपये ओलांडले, केंद्राला सहकारी संस्थांमार्फत सुरुवातीला ९० रुपयांनी तो विकावा लागला, आणि त्या महिन्यात खाद्यपदार्थांची महागाई ११.५१ टक्क्यांवर गेली. त्या आठवड्यात ज्याच्या वहीत मंगळवारी टोमॅटोचे सार लिहिलेले होते आणि ज्याने वही पाळली, त्याला बेत महागात पडला. ज्याने चिंच, आमसूल किंवा ताकावर भागवले, त्याचे काही बिघडले नाही.

यावर नियोजनवाद्यांचे उत्तर असे की बेत म्हणजे पदार्थांची सक्ती नव्हे. एक पालेभाजी, एक उसळ, एक फळभाजी असे खण ठरवावेत, त्यांत काय भरायचे ते मंडई ठरवील. मला हे उत्तर पटते. मात्र ते दिले की आपण रोज सकाळी भाव पाहून ठरवण्याच्या जुन्या पद्धतीच्या इतके जवळ येतो की दोन बाजूंतला फरक कडधान्य रात्री भिजत घालण्याइतकाच उरतो. पण तो फरक क्षुल्लक नाही. सकाळी मटकी भिजलेली नसणे, हे अनेक घरांत डबा बाहेरून मागवण्याचे कारण असते. दुर्दैवाने ठरवलेल्या बेतामुळे बाहेरचे खाणे किती घटते आणि त्यातून किती रुपये सुटतात, हे नेमकेपणाने मोजणारे काम नासाडीवरच्या कामाच्या तुलनेत तुटपुंजे आहे. पैशाचा मोठा डबा हाच असूनही.

हातावर पोट असणारे

वरची सगळी चर्चा महिन्याचा पगार, फ्रिज आणि धान्याला जागा असलेल्या घराची आहे. रोजची मजुरी रोज घरी येणाऱ्या कुटुंबात तेल पाव लिटर, साखर अर्धा किलो, चहापत्ती पाच-दहा रुपयांच्या पुडीत येते. अर्थतज्ज्ञ विजयेंद्र राव यांनी कर्नाटकातल्या खेड्यांच्या अभ्यासात (२०००) दाखवले की थोडे थोडे घेणाऱ्या गरिबांना त्याच वस्तूला जास्त दर मोजावा लागतो आणि त्यामुळे खरी विषमता आकड्यांत दिसते त्याहून मोठी असते. इथे अडचण बेत न आखण्याची नाही. काय लागणार हे त्या घरातल्या बाईला चोख ठाऊक असते. एकरकमी पैसे नसतात. उलट तिला नियोजनाचे धडे देणे हा थोडा उद्धटपणाच आहे.

एका वस्तूबाबत या घरांचे गणित बदलले आहे. जानेवारी २०२३ पासून अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य गटाला माणशी ५ किलो धान्य मोफत मिळते. त्यामुळे धान्य भरून ठेवून बचत करण्याचा जुना मार्ग त्यांच्यापुरता बराचसा निरर्थक झाला. उरतात तेल, डाळी, भाज्या, अंडी-मासे. आणि यांतले नाशवंत काही साठवता येत नाही. मध्यमवर्गातही वर्षाचे धान्य भरणे मागे पडते आहे. सोंडे-पोरकिडे, उन्हे दाखवायला गच्ची नसणे, एका वेळी अडकणारी रक्कम यांचा खर्च भावातल्या फरकातून वजा केला, तर दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये त्यात काय उरते हे घरागणिक तपासावे लागेल.

बेत आखणारीचा वेळ

राहिला तो हिशेब, जो बचतीच्या तक्त्यात येतच नाही. मार्जरी डीव्हॉल्ट यांनी १९९१ च्या पुस्तकात कुटुंबाला जेवू घालण्यामागचे अदृश्य काम उलगडले: कुणाला काय चालते, काय संपत आले, उद्या कोण लवकर जाणार. अ‍ॅलिसन डॅमिंजर यांनी २०१९ मध्ये या मानसिक श्रमाचे टप्पे मांडले, आधी ओळखणे, पर्याय शोधणे, ठरवणे, लक्ष ठेवणे, आणि पहिला व शेवटचा टप्पा विशेषतः बायकांच्या वाट्याला येतो असे दाखवले. भारताच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला २८९ मिनिटे घालवतात, पुरुष ८८. मनात चालणारा बेत या मिनिटांत कितपत धरला जातो, ही शंकाच आहे.

यावर दोन मते आहेत. एकाचे म्हणणे, लिहिलेला बेत हा भार हलका करतो. फ्रिजवर चिकटवलेला कागद घरातल्या कुणालाही वाचता येतो, म्हणून काम वाटून देता येते. दुसऱ्याचे म्हणणे, कागद लिहिणारी तीच, आणि बेत मोडला की जबाबदारही तीच. पूर्वी जे सहज होत होते त्याला आता प्रकल्पाचे रूप येते. दोन्ही प्रकारची घरे असणार. महिन्याला पाचशे रुपये वाचले आणि त्यासाठी आठवड्याला दोन तास गेले, तर तासाला साठेक रुपये पडतात. ही मजुरी परवडते का, याचे उत्तर तो वेळ कुणाचा आहे यावर ठरते.

न सुटलेले

आजघडीला जे बऱ्यापैकी ठामपणे म्हणता येते ते एवढे: घरात काय आहे ते पाहून केलेली यादी आणि नाशवंत माल थोडा थोडा घेणे यांचा कमी नासाडीशी संबंध दिसतो; कोरडा, टिकाऊ माल एकत्र आणि आधी नोंदवून घेतला तर दर उतरतो, ग्राहक पंचायतीसारखी व्यवस्था असेल तर विशेष; आणि भाजीच्या बाबतीत पदार्थ आधी ठरवून टाकण्यापेक्षा भाव पाहून बदलण्याची मोकळीक अधिक किमतीची आहे. बेत आखणाऱ्या आणि न आखणाऱ्या घरांच्या बिलांत फरक दिसतो तो बेतामुळे की माणसांमुळे, हे अजून सुटे झालेले नाही.

भारतीय परिस्थितीत तपासण्याजोगे बरेच आहे. उपभोग सर्वेक्षणात घराने काय घेतले ते कळते, कसे ठरवून घेतले ते नाही. वेळ-वापर सर्वेक्षणात मिनिटे आहेत, रुपये नाहीत. एकाच घरांच्या दोन्ही नोंदी वर्षभर ठेवल्या, त्यांत श्रावण, पितृपक्ष, दिवाळी आणि एखादी टोमॅटोची किंवा कांद्याची भाववाढही येऊ दिली, तर बेताची किंमत आणि बेताची कमाई एकाच ओळीत मांडता येईल. दहा मिनिटांत सामान देणाऱ्या कंपन्यांकडे यातला निम्मा हिशेब आधीच जमा आहे: कोण काय विसरते, किती वाजता मागवते आणि सोबत काय उचलते. तो हिशेब सध्या ग्राहकाला पुढची वस्तू सुचवण्यासाठी वापरला जातो.